अठरावी जागा

संघात तीसच्या आसपास माणसं आणि प्रत्येकाच्या नावापुढे बारा-चौदा आकडे. सपाट रस्ता, मोठे डोंगर, छोटे चढ, उतार, दगडी रस्ते, घड्याळाविरुद्ध एकट्याने धावायची शर्यत, स्प्रिंट, दम, आणि आज थकल्यावर उद्या पुन्हा उभं राहायची ताकद. 'प्रो सायकलिंग मॅनेजर' या खेळात मी कोफिडिस हा फ्रेंच संघ निवडला आणि हे सगळं एकदम पडद्यावर आलं. यातलं आधी काय वाचायचं तेच कळेना. माझी नोकरी बँकेत हिशोब विभागात गेली, त्यामुळे आकड्यांची भीती नाही. पण ताळेबंदातला प्रत्येक आकडा कशाचा आहे हे मला ठाऊक असायचं. इथे एका मुलाला डोंगराचे ७२ आणि दुसऱ्याला ७५. या तीन गुणांत एक जण घाटात पुढाऱ्यांच्या चाकाला चिकटून राहतो आणि दुसरा पाच किलोमीटर आधीच मागे पडतो, हे प्रत्यक्ष शर्यत बघेपर्यंत समजायला काही मार्ग नव्हता.

अठराव्या जागेची भानगड अशी. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना, म्हणजे यूसीआय, पुरुषांच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, 'वर्ल्ड टूर'मध्ये, अठरा संघांना परवाना देते. परवाना तीन वर्षांचा. त्या तीन वर्षांत संघाच्या सायकलपटूंनी कमावलेल्या गुणांची बेरीज होते आणि चक्र संपताना जे पहिल्या अठरांत बसत नाहीत ते खालच्या श्रेणीत जातात. २०२२ च्या अखेरीला बेल्जियमचा जुना लोटो संघ आणि इस्रायल-प्रीमियर टेक असे दोघे खाली गेले, आल्पेसिन आणि आर्केआ वर आले. पुढचं चक्र २०२३ ते २०२५. माझा खेळ २०२५ च्या जानेवारीत सुरू झाला. म्हणजे दोन वर्षांची जमा-नावे आधीच झालेली, उरलेलं एक वर्ष माझ्या हाती, आणि संघ काठावर.

खाली गेलेल्या संघाला शर्यती बंद होत नाहीत. पण टूर द फ्रान्सला हक्काने जाता येत नाही. खालच्या श्रेणीतल्या अगदी वरच्या संघांना निमंत्रण मिळतं, बाकीच्यांनी संयोजकांच्या मर्जीची वाट बघायची. सायकलिंगमध्ये तिकिटाचं उत्पन्न नाही, रस्त्याच्या कडेला उभं राहायला कोणी पैसे देत नाही. संघ चालतो तो प्रायोजकाच्या पैशावर, आणि प्रायोजक पैसे देतो ते मुख्यतः जुलैतल्या टूरच्या तीन आठवड्यांसाठी, कारण तेव्हा त्याचं नाव जगभर टीव्हीवर दिसतं. जुलै गेला तर धोक्यात फक्त सायकलपटूंची नोकरी येत नाही. मेकॅनिक, मालिश करणारे, स्वयंपाकी, बसचालक, सगळ्यांची चूल त्याच पैशावर पेटते.

हा खेळ माझ्या लॅपटॉपवर बसवून दिला तो भाचीने. ती म्हणाली होती, "मावशी, सगळं जिंकणाऱ्या पोगाचारचा संघ घे. नवीन माणसाला तोच बरा. शर्यतीला पाठवायचं आणि बघत बसायचं." मला ते नको होतं. कोफिडिस निवडला तो ब्रायाँ कोकारसाठी. २०१६ च्या टूरमध्ये चौथा टप्पा लिमोज गावात संपत होता. तिथे रेषेवर मार्सेल किटल आणि कोकार एकत्रच पोहोचले. फोटो बघून निकाल लागला: किटल २८ मिलिमीटरने पुढे. दोनशेहून जास्त किलोमीटरचा तो टप्पा होता आणि फरक बोटाच्या एका पेराइतका. कोकारला त्यानंतरही टूरचा टप्पा जिंकता आलेला नाही. तो २०२२ मध्ये कोफिडिसमध्ये आला. आणि हा संघही तसाच, वाट बघणारा. २००८ मध्ये सिल्व्हाँ शाव्हानेलने त्यांना टूरचा टप्पा जिंकून दिला, त्यानंतर पंधरा वर्षं एकही नाही. २०२३ मध्ये सान सेबास्तियानला व्हिक्टर लाफे शेवटच्या किलोमीटरमध्ये सगळ्यांना मागे टाकून निघाला आणि जिंकला, आणि त्याच टूरमध्ये पुढे योन इसागिरेनेही एक टप्पा घेतला. इतकी वर्षं दर जुलैत येऊन रिकाम्या हाताने घरी जाणारी माणसं मला आपली वाटली.

पहिली शर्यत मी उघडली ती फ्रान्सच्या दक्षिणेची, ला मार्सेयेज. पडद्यावर दीडशेच्या आसपास सायकली, त्यांत माझे सात. प्रत्येकाच्या नावाखाली हृदयाचे ठोके, शिल्लक ताकदीच्या रंगीत पट्ट्या, आणि किती जोर लावायचा ते ठरवायला एक सरकता आकडा. एकाला पुढे ठेव म्हणावं तर तो थकतो. मागे ठेव म्हणावं तर चढाच्या पायथ्याशी पुढची जागाच मिळत नाही आणि समोरचा दमला की त्याच्यामुळे आपला माणूस अडकतो. पाण्याच्या बाटल्या आणायला एकाला गाडीकडे पाठवलं तर तो परत येईस्तोवर पुढे पळ सुरू झालेला. मी एकाचं बघेपर्यंत सहा जणांचं काहीतरी झालेलं असायचं. शर्यत संपायला चाळीस किलोमीटर असताना माझ्या तिघांच्या पट्ट्या रिकाम्या दिसायच्या, आणि त्यांनी तर काही केलेलंच नव्हतं. एकही हल्ला नाही, एकदाही सगळ्यांच्या पुढे जाऊन जोर लावणं नाही. मग ताकद गेली कुठे?

वाऱ्यात गेली. हे कळायला मला बराच वेळ लागला आणि ते कळल्यावर हा खेळ पूर्ण बदलला. दुसऱ्याच्या चाकामागे लपून चालवणाऱ्याला पुढच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी श्रम पडतात, मोठ्या घोळक्याच्या पोटात तर त्याहूनही कमी. माझे तिघे दिवसभर घोळक्याच्या कडेला होते, उघड्यावर. कोणी त्यांना आत घेतलं नव्हतं, कारण आत घेण्याचं काम दुसऱ्या सहकाऱ्याचं असतं आणि ते काम मी कुणाला दिलंच नव्हतं. खेळात त्यासाठी एक आज्ञा आहे: अमक्याचं रक्षण कर. ती दिली की एक माणूस वारा अंगावर घेतो आणि दुसरा त्याच्या आडोशाला चालतो. संध्याकाळी पहिल्याची पट्टी रिकामी, दुसऱ्याची अर्धी भरलेली. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये जे काही घडतं ते त्या उरलेल्या अर्ध्यावर घडतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलेलंही होतं, तेव्हा समजलं नव्हतं एवढंच. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर झाली, तेव्हा आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. आधी पोलिसांच्या गाड्या, मग एक दबका घोंघाट, आणि अख्खा घोळका डोळ्यांसमोरून गेला तो काही सेकंदांत. पुढे एकाच रंगाचे चार-पाच जण मान खाली घालून ओढत होते आणि त्यांच्यामागे त्याच रंगाचा एक जण बऱ्यापैकी निवांत बसलेला. मला वाटलं, हा दमला असणार म्हणून मागे आहे. तो त्यांचा म्होरक्या होता. आमच्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, त्यामुळे आपल्याला राजा कळतो. त्याला पायथ्यापर्यंत कोणी आणलं ते रस्त्याच्या कडेवरून दिसत नाही.

पुण्याची शर्यत यूसीआयच्या २.२ श्रेणीतली. म्हणजे अनेक टप्प्यांची आणि आंतरराष्ट्रीय उतरंडीत खालच्या पायरीवरची. एकूण विजेत्याला ४० गुण. वर्ल्ड टूरच्या संघांना या श्रेणीत भागच घेता येत नाही, त्यामुळे माझ्या कोफिडिसला मी पुण्याला आणूच शकत नव्हते. याचं मला खरोखर वाईट वाटलं.

गुणांचा तक्ता समजल्यावर मी एक वही केली. खेळ आपला हिशोब ठेवतोच, पण हाताने लिहिल्याशिवाय मला बेरीज पटत नाही. टूर जिंकणाऱ्याला १३०० गुण. मिलान-सान रेमो किंवा पॅरिस-रूबेसारखी सर्वांत मोठी एकदिवसीय शर्यत जिंकली तर ८००. यातलं काहीच माझ्या माणसांच्या आवाक्यात नव्हतं, तेव्हा ते रकाने मी लिहून लगेच सोडून दिले. टूरचा एक टप्पा जिंकला तर २१०, आणि त्याच टप्प्यात चौथा आला तर ९०. आता खालच्या बाजूला या. १.१ श्रेणीची छोटी एकदिवसीय शर्यत, बघायला गावातलेच लोक असतात अशी, ती जिंकली तर १२५. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम वेगवान सायकलपटूंच्या झुंडीत टूरमध्ये चौथं येण्यापेक्षा ही छोटी शर्यत जास्त देते. आणखी विचित्र गोष्ट: अनेक टप्प्यांच्या २.१ श्रेणीच्या शर्यतीत एक टप्पा जिंकला तर फक्त १४ गुण. तेच कष्ट, तोच वेग, तीच पडण्याची भीती, पण एकदिवसीय असेल तर १२५ आणि टप्पा असेल तर १४.

हे वाचल्यावर पुढचं आपोआप ठरत गेलं. वर्ल्ड टूरच्या बहुतेक शर्यतींना जावंच लागतं, ती सक्ती. पण जिथे सक्ती तिथे गुण मिळवणं कठीण, आणि जिथे गुण मिळतात त्या शर्यती त्याच दिवशी दुसऱ्याच देशात. जानेवारीच्या शेवटी माझी काही माणसं ऑस्ट्रेलियातून परतत होती, काही स्पेनच्या मायोर्का बेटावर होती आणि काही मार्सेच्या वाटेवर. मायोर्कात लागोपाठ पाच दिवस पाच स्वतंत्र एकदिवसीय शर्यती होतात. रोज नवी यादी देता येते. आज डोंगर असेल तर चढणारे, उद्या सपाट असेल तर वेगवान. एका आठवड्यात पाच वेळा गुणांची पेटी उघडते. मी माझा चांगला चढणारा माणूस तिथे ठेवला आणि तो दोनदा पहिल्या पाचांत आला. टीव्हीवर या शर्यतींबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या वहीचं पहिलं पान त्यांनीच भरलं.

आस्तानाने प्रत्यक्षात हेच केलं, हे भाचीने मला नंतर सांगितलं. २०२५ सुरू होताना कझाकस्तानचा हा संघ इतका मागे होता की तो वाचेल असं फारसं कोणी धरत नव्हतं. एक्सडीएस या चिनी सायकल कंपनीचा पैसा आला, बरीच नवी माणसं घेतली, आणि युरोपात जिथे जिथे छोट्या शर्यती होत्या तिथे एका शर्यतीत एकाऐवजी तीन-चार जणांना स्वतःसाठी धावायला लावलं. त्या एका हंगामाच्या गुणांत आस्ताना पहिल्या पाचांत आला आणि वर्ल्ड टूरमध्ये टिकला. मात्र मला त्यातली गणितापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त लक्षात राहिली. त्या वर्षीच्या जिरो द'इटालिया या शर्यतीत सान व्हालेंतीनोच्या चढावर त्यांचे दोघे, क्रिस्तियान स्कारोनी आणि लोरेन्झो फोर्तुनातो, बाकी सगळ्यांना मागे टाकून रेषेपाशी आले आणि हातात हात घालून रेषा ओलांडली. पहिला स्कारोनी, दुसरा फोर्तुनातो. मी ते चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. विजय दोघांचा होता आणि दोघांनाही गुण मिळाले. असं सायकलिंगमध्ये क्वचित होतं.

आणि इथेच मला या सगळ्या व्यवस्थेशी भांडावंसं वाटतं. नियम असा आहे की संघाच्या बेरजेत वर्षातले सर्वांत जास्त गुण मिळवणारे वीस जण धरले जातात. २०२२ पर्यंत दहाच धरायचे. वीस केल्यामुळे थोडं बरं झालं. तरीही गुण मिळतात ते मुख्यतः रेषा कितव्या क्रमांकाने ओलांडली यावर, दुसऱ्याला केलेल्या मदतीला काहीच नाही.

माझ्या संघात एक मदतनीस होता. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तो खरा माणूस आहे आणि माझ्या लॅपटॉपमध्ये त्याच्या नावाने जे घडलं त्याच्याशी त्याचा संबंध नाही. आकडे साधारण. सपाट रस्त्यावर चांगला, दम भरपूर, स्प्रिंट जेमतेम. मे महिन्यात फ्रान्सच्या ब्रिटनी भागात त्रो-ब्रो लेओन नावाची शर्यत असते. शेतांमधल्या कच्च्या, खडीच्या वाटांवरून जाते, आणि ब्रिटनीचा जो सायकलपटू सर्वांत पुढे येईल त्याला डुकराचं पिल्लू बक्षीस देतात. श्रेणीने ती मायोर्काच्या शर्यतींपेक्षा एक पायरी वर, जिंकणाऱ्याला २०० गुण. शर्यत संपायला पंचवीसेक किलोमीटर असताना पुढे बारा जणांचा गट निघाला होता. त्यात माझे दोघे, म्होरक्या आणि हा मदतनीस. तेवढ्यात खडीवर म्होरक्याचं चाक पंक्चर झालं. कच्च्या वाटेवर संघाची गाडी बरीच मागे असते.

मी खेळ थांबवून वही पुढे ओढली. मदतनिसाला तसाच पुढे जाऊ दिला तर तो बारा जणांत नववा-दहावा नक्की येईल, आणि या श्रेणीत त्यालाही बरे गुण असतात. त्याला थांबवला तर त्याचे गुण गेले, आणि म्होरक्या परत पुढच्या गटात पोहोचेलच असंही नाही. दोन्ही बाजूंनी आकडा मांडला तर वहीचं म्हणणं होतं, जाऊ दे त्याला. मी त्याला थांबवलं. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला, म्होरक्या नवीन चाक घेऊन आला, आणि मग त्या माणसाने पंधरा किलोमीटर एकट्याने वारा कापत म्होरक्याला पुढच्या गटाच्या शेपटीला नेऊन सोडलं. त्याची पट्टी संपली आणि तो पडद्यावरून मागे मागे जात दिसेनासा झाला. म्होरक्या तिसरा आला. १२५ गुण. मदतनिसाच्या नावापुढे मी शून्य लिहिलं.

ते शून्य मला खुपलं आणि अजून खुपतं. टूरमध्ये जुनी रीत आहे: बक्षिसाचे पैसे विजेता एकटा घेत नाही, ते सहकाऱ्यांत आणि संघाच्या कर्मचाऱ्यांतही वाटले जातात. पैशाच्या बाबतीत सायकलिंग हे मान्य करतं की जिंकणं सगळ्यांचं. मग गुणांच्या बाबतीत का नाही? ज्या गुणांवर संघ जगतो किंवा मरतो, त्यांत विजेत्याला वाऱ्यातून आणणाऱ्याचा एक अंशही नाही. अशा नियमाखाली तळाच्या संघात एकच शहाणपण उरतं: मदतनिसाला सांगायचं, थांबू नकोस, तुझा नववा क्रमांक घे. २०२२ मध्ये खाली जायची भीती असलेल्या संघांत असंच चाललं होतं. लोटोने वीस वर्षांच्या आर्नो द लीला टूरला नेलंच नाही, छोट्या एकदिवसीय शर्यतींत धावायला लावलं, आणि त्याने त्यांना गुणांचा ढीग मिळवून दिला. त्यात त्यांची चूक नव्हती. तरीही ते खाली गेले.

माझ्या हंगामातल्या पॅरिस-रूबेबद्दल फार लिहीत नाही. कोफिडिसचं घर फ्रान्सच्या उत्तरेला, त्यामुळे ही शर्यत म्हणजे त्यांच्या अंगणातली. अडीचशेहून जास्त किलोमीटर, त्यात पन्नासहून जास्त दगडी रस्त्याचे. माझ्या माणसांना दगडांचे आकडे नव्हते. आरेनबेर्गच्या जंगलातल्या दगडी रस्त्यावरून बाहेर पडताना पुढच्या गटात माझा एकही माणूस नव्हता.

टूर मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण २०२५ ची टूर लीलहून सुटली. कोफिडिसच्या घरच्या गावातून. प्रायोजकाने वर्षाच्या सुरुवातीलाच उद्दिष्ट लिहून दिलं होतं: टूरमध्ये एक टप्पा जिंका. खेळात हे उद्दिष्ट चुकलं तर पुढच्या वर्षीचा पैसा कमी होतो. वहीचा कौल मात्र उलटा होता. टूरला आठ माणसं तीन आठवडे अडकतात, आधी तयारीचे आठवडे आणि नंतर विश्रांतीचे वेगळे. तेवढ्या काळात तीच आठ माणसं छोट्या शर्यतींत टूरच्या कितीतरी पट गुण मिळवू शकतात. पैसा एकीकडे ओढतो आणि गुण दुसरीकडे, आणि दोन्ही नसले तर संघच राहत नाही. माझा निर्णय घरच्या गावाने केला. लीलच्या लोकांसमोर दुय्यम संघ उभा करणं मला जमलं नसतं. आठही जण सर्वोत्तम पाठवले, मदतनिसासकट.

पहिलाच टप्पा लीलहून निघून लीलला येणारा, सपाट. त्या भागात समुद्राकडून वारा येतो. वारा बाजूने लागला की आडोसा मागे मिळत नाही, तिरका मिळतो. सायकली रस्त्याच्या रुंदीभर तिरक्या रांगेत पसरतात, आणि रस्ता संपला की त्या रांगेत जागा उरत नाही. जो बाहेर राहिला तो कडेच्या गटारीशी एकटा झुंजतो, तुटतो, आणि त्याच्यामागचे सगळे तुटतात. प्रत्यक्षातही त्या दिवशी असंच झालं होतं, एव्हेनेपूल आणि रोगलिचसारखे मोठे लोक मागच्या गटात अडकले होते. मी हे आधी वाचलेलं होतं, म्हणून वीस किलोमीटर उरले असताना सातही जणांना सांगितलं, कोकारला घेऊन पुढे या, कितीही ताकद गेली तरी. घोळका फुटला तेव्हा पुढच्या तुकडीत माझे चार जण होते. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. शेवटच्या किलोमीटरला मदतनीस पुढे, त्याच्यामागे कोकार. दोनशे मीटरवर मी त्याला सोडलं. तो चौथा आला. ९० गुण.

तीन आठवड्यांत यापेक्षा वर आम्ही गेलो नाही. डोंगरांत दोन-तीनदा पुढे पळालेल्या गटांत माझी माणसं होती, एकदा शेवटच्या घाटात पकडली गेली. टप्पा मिळाला नाही.

ऑगस्टनंतर मी सगळं गुणांकडे वळवलं. फूर्मी, शोनी, बूर्ज, तूर: ज्या गावांची नावं मी आधी कधी ऐकली नव्हती ती पाठ झाली. पण टूरहून आलेली माणसं थकलेली होती. कॅलेंडरवर पुढे काय आहे ते त्यांच्या पायांना कळत नव्हतं. एक जण आजारी पडला, एकाचं हाड मोडलं. एका शर्यतीत मी मदतनिसाला प्रथमच स्वतःसाठी धावायला सांगितलं. तो चौदावा आला. त्याला स्प्रिंट नव्हतीच, आणि दुसऱ्याच्या आडोशाला बसून शेवटची वाट बघायची सवय त्याच्या आकड्यांतही नव्हती. ऑक्टोबरमध्ये मी रोज दोन्ही बेरजा मांडायचे, आमची आणि आमच्या वरच्या संघाची. अंतर कमी होत होतं. हंगाम आधी संपला.

आम्ही खाली गेलो. खऱ्या जगातही कोफिडिस २०२५ च्या अखेरीला खाली गेला. हे भाचीला सुरुवातीपासून माहीत होतं. "तुला आधी सांगितलं असतं तर तू हा संघ घेतला नसतास," ती म्हणाली. मी घेतला असता.

पुढच्या वर्षीचा पैसा कमी झाला. खेळात नोव्हेंबर आला की करारांची यादी उघडते. माझा चांगला चढणारा माणूस मोठ्या संघाने नेला. त्याला थांबवण्याइतका पगार मी देऊ शकत नव्हते, आणि त्याने जावं हेच बरोबर होतं. खाली मदतनिसाचं नाव होतं, करार संपत आलेला, वर्षभराचे गुण दोन आकडीसुद्धा नीट नाहीत. हिशोबाने बघितलं तर त्याच्या पगारात एक तरुण स्प्रिंटर येत होता, जो छोट्या शर्यतींत गुण मिळवेल. त्याने एका वर्षाचा करार मागितला होता. मी दोन वर्षांचा दिला, पगार तोच ठेवून, आणि तरुण स्प्रिंटरसाठी पैसा काढायला हिवाळी सराव शिबिर रद्द केलं.